बिनलोखंडी शनिवार

आमच्या शाळेच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक काचेचं कपाट लागतं. त्यात ढाली आणि चषक आहेत, आणि मधल्या फळीवर एक बैलगाडी आहे. स्टेनलेस स्टीलची. दोन बैल, जू, साटा, सगळं एवढं चकचकीत की समोर उभं राहिलं तर आपला चेहरा त्यात वाकडा दिसतो. चाकांत बेअरिंग बसवलेलं आहे. कपाट उघडं असताना एकदा मी चाकाला बोट लावून पाहिलं होतं; ते आवाज न करता फिरत राहिलं. खाली पितळी पट्टीवर हिंदीत कोरलं आहे: हड़प्पा सभ्यता, कक्षा छठी. उजव्या बैलाच्या वशिंडावर हळदीचा एक पिवळा डाग आहे.

हडप्पाच्या लोकांना लोखंड माहीत नव्हतं. तांबं होतं, कासं होतं, मातीकाम तर फारच सुरेख होतं, पण लोखंड नव्हतं. सहावीच्या पुस्तकातही ते लिहिलेलं आहे. मी या शाळेत इतिहास शिकवते आणि रोज सकाळी त्या गाडीसमोरून पुढे जाते.

माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते, रुळांची निगा राखणारे. नागपूरकडून ते लाइनीवर आले आणि छत्तीसगडात डोंगरगडला राहिले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझी शाळा साधी, हिंदी माध्यमाची. तिथे इतिहास म्हणजे गुरुजी फळ्यावर लिहीत आणि आम्ही उतरवून घेत असू. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. मला मार्क चांगले पडायचे, म्हणून मला इतिहास आवडतो असं सगळ्यांनी धरून चाललं आणि मीही तसंच धरलं. त्या शाळेला मी नावं ठेवणार नाही. तिनंच मला दुर्गच्या कॉलेजपर्यंत आणलं.

कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मी हडप्पाच्या मातीच्या खेळण्यांचा फोटो पाहिला. चाकं लावलेला बैल, शेजारी छोटी गाडी. मी पान उलटलं आणि पुन्हा मागं आले. ही वस्तू मी पाहिलेली होती. दर वर्षी पोळ्याच्या आधी आमच्याकडच्या बाजारात कुंभारीण गोणपाट अंथरून बसते, तिच्यापुढे असेच बैल मांडलेले असतात. चार पायांना भोकं, त्यांतून बांबूची काडी, काडीला मातीची भरीव चाकं. छत्तीसगडी लोक त्याला नंदिया बइला म्हणतात. आमच्या घरी लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडाचा नंदी असायचा, वडिलांनी रुळाखालच्या जुन्या स्लीपरच्या तुकड्यातून कोरलेला. पण शेजारच्या घरांत मातीचाच असे, आणि त्याच्याशी खेळायला मी जात असे. तोवर पुस्तकात जे छापून येतं ते सगळं दुसऱ्या लोकांचं असतं असं मला वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गल्लीतली वस्तू मला छापलेली दिसली. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंग त्यात काय? बैल तं बैलच असन्." तिचं बरोबरच होतं, पण मला रात्रभर झोप आली नाही.

नोकरी मला काकांमुळे मिळाली. काका म्हणजे वडिलांच्या गावाशेजारच्या गावचे, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेले आणि आता निवृत्त. जुनवानीच्या अलीकडे त्यांचं घर आहे. माझ्या शिक्षणाची चौकशी ते वेळोवेळी करत, त्यांच्या मुलीची पुस्तकं त्यांनी मला दिली होती. मी बी.एड. झाले तेव्हा त्यांनी या शाळेत शब्द टाकला. शाळेच्या व्यवस्थापन समितीत ते होते आणि अजून आहेत. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. हे वाक्य मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

मग मी प्राचार्यांच्या मागे लागले. म्हटलं, सहावीचे शनिवारचे शेवटचे दोन तास जोडून द्या. मुलं ज्या काळाबद्दल वाचतात त्या काळच्या वस्तू हातानं करतील. प्राचार्या मॅडम वाईट नाहीत. त्यांना फक्त कुणाचा फोन येऊ नये असं वाटतं. त्या म्हणाल्या, "शाळेची प्रदर्शनी होईपर्यंत करा. दसऱ्यानंतर समितीच्या बैठकीत ठरेल. चांगलं दिसलं तर पुढच्या वर्षीपासून आठवीपर्यंत लावू, नाही तर बंद." मी इतकी खूश झाले की 'चांगलं दिसलं तर' या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही.

पहिल्या शनिवारी मी वर्गात एक प्लॅस्टिकचा डबा ठेवला आणि सांगितलं, आजपासून दर शनिवारी दोन तास लोखंड बंद. ज्याच्याकडे जे लोखंडाचं असेल ते या डब्यात.

आधी कंपासपेट्या आल्या. मग शार्पनर, सेफ्टी पिना, केसांच्या क्लिपा. एकाने पट्ट्याचं बक्कल काढलं आणि नंतर दोन तास पॅन्ट धरून बसला. मग मुलांना चेव आला. "मिस, बेंच के पैर लोहे के हैं!" म्हणून सगळे खाली फरशीवर बसले. "मिस, पंखा?" पंखा बंद केला. "मिस, खिडकी?" आता खिडकीच्या सळ्यांचं काय करणार? मागून एक मुलगी म्हणाली, "खिडकी की तरफ देखना मना है." सगळे हसले आणि खरोखरच पाठ फिरवून बसले.

ती मुलगी शहराला लागून असलेल्या कुरुद गावची होती. वडील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. वर्गात ती फारसं बोलत नसे, कारण इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर दिलं तर बाकीची मुलं हसत. शनिवारी मात्र तिला थांबवावं लागायचं. माती तीच आणायची, तळ्याकाठची, ओल्या फडक्यात बांधून. माती कापायला सुरी नाही, म्हणून दोरा. भोकं पाडायला बांबूची काडी. पाण्यासाठी एकाने घरून तांब्याचा लोटा आणला, कासं मिळालं नाही. चौथ्या-पाचव्या शनिवारी एकाने विचारलं, "मिस, लोहा नहीं था तो ये लोग इतना बड़ा शहर कैसे बनाए?" भिलाईत वाढलेल्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न यावा यासाठीच मी तो डबा ठेवला होता. इथे सकाळचा भोंगा प्लांटचा, घरातला पगार प्लांटचा, पुस्तकातलं चित्रसुद्धा प्लांटचं. लोखंडाच्या आधीही माणसं होती, ती गटारं बांधत होती, मुलांना खेळणी करून देत होती, हे इथे कुणाला सांगून पटत नाही. बोटं मातीत घातली की थोडं पटतं.

पोळ्याच्या आठवड्यात मी बाजारातून एक नंदिया बइला आणला आणि पुस्तकातला फोटो त्याच्या शेजारी ठेवला. मुलं एकदा फोटोकडे, एकदा बैलाकडे पाहू लागली. कुरुदची मुलगी म्हणाली, "मिस, ये तो हमारे घर में है." ते वाक्य मी ओळखत होते.

नंतर सगळ्यांनी गाड्या केल्या. वाळल्यावर काहींना चिरा गेल्या, काहींची चाकं फिरेनात, एकाचा बैल उंदरासारखा झाला. चिरा का गेल्या यावर आम्ही बोललो, मातीत भुसा मिसळून पुन्हा केल्या. कुरुदच्या मुलीची गाडी सगळ्यांत चांगली चालायची, थोडी लंगडत, पण टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

प्रदर्शनीच्या आदल्या दिवशी काकांचा नातू मोठं खोकं घेऊन आला. तो याच वर्गात होता. खोक्यात ती स्टीलची गाडी होती. त्याची मातीची गाडी घरी फुटली होती. तो रडला म्हणे, म्हणून आजोबांनी इंडस्ट्रियल एरियातल्या, लेथ चालवणाऱ्या एका टर्नरकडून ही करून घेतली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. या गावात बापाला किंवा आजोबाला लेकरासाठी काही चांगलं करायचं असलं की तो लेथकडेच जाणार. आमच्याकडे शाळेतला ज्वालामुखी, राष्ट्रपती भवन, फुलपाखराचं जीवनचक्र, सगळं वेल्ड होऊन येतं.

नातू मान खाली घालून म्हणाला, "मिस, मैंने बोला था दादाजी को, लोहा मना है."

त्याची गाडी परत पाठवणं मला शक्य नव्हतं. मी ती वेगळ्या टेबलावर ठेवली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: आजच्या भिलाईची बैलगाडी. तुलना करा. मला वाटलं, दोन्ही बाजू सांभाळल्या.

प्रदर्शनीला काका आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. प्राचार्या मॅडम एक पाऊल मागे चालत होत्या. मातीच्या गाड्यांच्या टेबलावर नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाने पाहुण्यांना माहिती द्यायची होती. काकांनी वाकडे बैल पाहिले, उंदरासारखा बैल पाहून हसले, एकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग स्वतः जाऊन स्टीलची गाडी उचलून आणली आणि मातीच्या गाड्यांच्या मधोमध ठेवली.

"आता दिसली ना शोभा," ते म्हणाले.

कुरुदची मुलगी समोरच उभी होती. ती म्हणाली, "दादाजी, ये यहाँ नहीं चलेगा. इसमें लोहा है. हड़प्पा में लोहा नहीं था."

आजूबाजूचे पालक हसले. काकाही हसले. "अच्छा? तो बिना लोहे के क्या हुआ उनका?"

"शहर बनाए," ती म्हणाली.

"और फिर मर गए," काका म्हणाले. "ना शहर बचा ना वो."

पालक आणखी मोठ्याने हसले. एकाने टाळीही वाजवली. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी पुढे होऊन म्हटलं, "काका, त्यांची शहरं शेकडो वर्षं टिकली होती. का संपली त्याची कारणं वेगळी आहेत." माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. काका माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं, मराठीत म्हणाले, "पोरीले चांगलं बोलायले शिकवलं तू. मोठ्यायच्या तोंडाले लागायले." आणि पुढच्या टेबलाकडे गेले. गाडी मधेच राहिली.

त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मंग तू काऊन बोलली मधात? ज्यायनं तुले लावलं तिथं, त्यायच्या नातवाची गाडी हाये ते."

"बाबा, पण ते चूक आहे."

"असन् चूक. मीनं जिंदगीभर लोखंडाच्या मांगं चालून तुले शिकवलं. थोडं लोखंड तुयानंही सहन होऊ दे." मग म्हणाले, "दसऱ्याले जा त्यायच्या घरी. सोनं दे, पाया पड, आन् तासाचं विचार. नाही म्हणनार नाहीत."

दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन गेले. दर वर्षीच जाते. काकूंनी दार उघडलं, चिवडा आणि चहा ठेवला. समोर देवघरात शस्त्रपूजा मांडलेली होती. काका प्लांटमध्ये असताना या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमधल्या मशीनची पूजा तेच करत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता मशीन नव्हती. पाटावर घरातली सुरी, पाना, नातवाचा कंपास ठेवला होता आणि मधोमध स्टीलची बैलगाडी. तिच्या जुवावर झेंडूचं फूल आणि बैलाच्या वशिंडावर हळद-कुंकू.

मी पाया पडले, सोनं दिलं. काकांनी माझ्या हातावर पानं ठेवून आशीर्वाद दिला, नेहमीसारखाच, मनापासून. मग मी विषय काढला. शनिवारचे तास चालू राहावेत, मुलं शिकतात, बोलायला लागतात, असं काहीबाही सांगितलं. माझी वाक्यं घरून पाठ करून आणली होती आणि ती तशीच पाठ केल्यासारखी बाहेर पडत होती.

काका म्हणाले, "शिकवून राहिली तू, मले दिसते. मेहनती आहेस. पण पालक काय म्हणतात? युनिफॉर्म मातीत भरते. अन् पोरं घरी येऊन सांगतात, लोखंड नव्हतं, लोखंड नव्हतं. अरे, ज्या लोखंडानं तुमचं घर चालते त्याच्याबद्दल हे शिकवायचं?"

"काका, पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात असू दे ना. पुस्तकात वाचा अन् पेपरात लिहा. दोन-दोन तास माती कालवायची काय गरज आहे?" त्यांनी देवघराकडे बोट केलं. "पाह्य बरं, कशी चकाकून राहिली. ही मी शाळेले देऊन राहिलो. लेकरायले कायमची राहीन. तुमच्या मातीच्या गाड्या कुठं आहेत आता?"

मातीच्या गाड्या मुलांनी घरी नेल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"बस. फुटल्या असतील," काका म्हणाले.

मी गाडीबद्दल आणखी एकदा बोलणार होते. निदान खालच्या पितळी पट्टीवरचं नाव तरी बदला, आजची भिलाई लिहा, एवढं म्हणायचं होतं. पण गाडीवर हळद-कुंकू लागलेलं होतं. आमच्या लोकांत एकदा वस्तूची पूजा झाली की तिच्यात खोट काढणं म्हणजे घरात खोट काढणं. काकू शेजारीच उभ्या होत्या, त्यांनीच ती पूजा मांडली होती. मी चहा संपवला. निघताना काका म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊ. तू आमचीच पोरगी आहे." याचा त्यांना अभिमान होता, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी कुणाचीच नसते तर एक वाक्य पूर्ण बोलू शकले असते.

समितीच्या बैठकीत तास बंद झाले. कागदावर मात्र ते बंद झाले नाहीत. शाळेच्या माहितीपत्रकात आता छापलं जातं की आमच्याकडे कलेतून इतिहास शिकवला जातो. सोबत कपाटाचा फोटो असतो. शनिवारचे शेवटचे दोन तास सराव परीक्षेला गेले. शाळेने एका कंपनीचे संच घेतले: खोक्यात रबराचे साचे, पांढरी पूड, रंगाच्या ट्यूबा. पूड पाण्यात कालवून साच्यात ओतायची, थोड्या वेळाने हडप्पाची मुद्रा बाहेर येते. सगळ्यांची सारखी. कुणाला चिरा जात नाहीत, त्यामुळे कुणी काही विचारतही नाही. संच वापरायला अर्धा तास पुरतो. मुलांना ते आवडतात, हेही खरं लिहिलं पाहिजे.

काकांचा नातू नंतर कपाटाजवळ माझ्याशी बोलायला कधी थांबला नाही. तो दुसऱ्या दाराने येतो.

कुरुदची मुलगी सातवीत गेली. तिचं बोलणं सुधारलं होतं, आवाज मोकळा झाला होता, त्याचं श्रेय मी मनातल्या मनात माझ्या शनिवारांना देत असे. प्राचार्या मॅडमच्याही ते लक्षात आलं. प्रवेशाच्या दिवसांत नव्या पालकांना शाळा दाखवायला काही मुलं उभी करतात. मॅडमनी तिला निवडलं आणि कपाटापाशी उभं केलं.

मी स्टाफरूमकडे जात होते. पालकांचा एक घोळका कपाटासमोर होता. ती ताठ उभी होती, केस घट्ट बांधलेले, छातीवर बिल्ला. शिकवलेलं ती न अडखळता म्हणत होती: "ये हड़प्पा सभ्यता की बैलगाड़ी है. इसे हमारे स्कूल के बच्चों ने इतिहास की कक्षा में अपने हाथों से बनाया है." एका बाईने कौतुकाने विचारलं, "अरे वा, उस ज़माने में ऐसी होती थी?" तिने मला पाहिलं. क्षणभरच. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "जी मैम."

घोळका पुढे सरकल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागेल. ती म्हणाली, "मिस, ठीक बोली ना मैं? मैडम ने कहा, अच्छा बोलूँगी तो एनुअल डे में एंकरिंग देंगी."

तिच्या घरात शाळेच्या स्टेजवर कुणी कधी उभं राहिलं नसणार. हे मला दिसत होतं, आणि तिच्या वयाची मीही दिसत होते, डोंगरगडच्या फळ्यावरून ठरलेलं उत्तर उतरवून घेणारी, पूर्ण मार्क मिळवणारी. त्याच मार्कांवर मी इथवर आले आहे.

"आवाज साफ था," मी म्हटलं.

ती खूश होऊन परत आपल्या जागी गेली. दारातून पुढचे पालक आत येत होते. तिने बिल्ला सरळ केला, कपाटाकडे हात केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.